वाई : शरदऋतूतील कृष्णाकाठ

सातारा जिल्ह्यातील वाई तालुक्याचे मुख्य ठिकाण व कृष्णेच्या डाव्या तीरावरील प्राचीन कसबा. पुण्याच्या दक्षिणेस सुमारे ९० किमी. व साताऱ्याच्या उत्तरेस सुमारे ३५ किमी. अंतरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मी. उंचीवर तो वसला आहे. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा देवालयापाशी उगम पावणारी कृष्णा जोरच्या खोऱ्यातून पूर्वेकडे उतरत येते आणि डोंगराच्या दोन सोंडांमधील दरी जेथे प्रथमच ऐसपैस होते तेथे तिला वाईचे घाट लागतात. पश्चिमेच्या अंगास पाचगणीचा कडा, वायव्येस पांडवगड, आग्नेयेस वैराटगड आणि मध्ये ओलिताखालची सुपीक जमीन, अशी गावाची ठेवण आहे. प्रस्तुत नोंद या गावाचा विचार आश्विन-कार्तिकाच्या अनुरोधाने करते. पावसाळ्यात घाटांच्या खालच्या पायऱ्या गढूळ पाण्याखाली असतात आणि वैशाखात नदी इतकी आक्रसते की एवढा दगड कशासाठी रचला असा प्रश्न नवख्यास पडावा; नदी आणि बांधकाम यांचे परस्परांशी असलेले नाते डोळ्यांनी पडताळून पाहण्यास शरदाखेरीज दुसरा काळ सोयीचा नाही.

वाईच्या पर्जन्यमानात एक मौज आहे. घाटमाथ्यावरील महाबळेश्वरला वर्षाकाठी सहा मीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तेथून जेमतेम बत्तीस किलोमीटरवर असलेल्या वाईत त्याचे प्रमाण एक मीटरच्याही आत राहते. म्हणजे वाईच्या नदीला येणारे पाणी हे बव्हंशी वाईवर पडलेले पाणी नव्हे; गावात ऊन पडले असताना पूर चढावा, असा प्रकार या भूगोलामुळेच संभवतो. पठाराच्या माथ्यावर जांभ्या दगडाचे सच्छिद्र टोपण आहे आणि त्याखाली काळ्या कातळाचे थर आहेत. चातुर्मासात जांभ्याने शोषून घेतलेले पाणी कातळ लागताच आडवे वळते आणि कड्याच्या कुशीतून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. पाऊस ओसरल्यावर जी निवळ कृष्णा दिसते ती या झऱ्यांची. अगस्त्याच्या उदयाने जळे प्रसन्न होतात, ही जुन्या संस्कृत कवींची समजूत. तारा कारण नसला तरी काळाचा हिशेब त्यांनी अचूक ठेवला होता, हे मान्य केले पाहिजे.

गावातील सात आळ्या या नदीच्या काठाने लागलेल्या असून गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड अशी त्यांची नावे आहेत. प्रत्येक आळीला आपापला घाट आहे, आणि वाईकर आपला पत्ता सांगताना आजही पेठेपेक्षा आळीचेच नाव आधी घेतो. हे घाट व त्यांवरील देवालये यांपैकी मोठा भाग अठराव्या शतकातील, आणि त्यातही रास्ते घराण्याच्या औदार्यातून उभा राहिलेला आहे. भिकाजी नाईक रास्ते यांची कन्या गोपिकाबाई ही नानासाहेब पेशव्यांची पत्नी. या सोयरिकीमुळे पुणे दरबारातील वजन व पैसा यांचा ओघ वाईकडे वळला. आनंदराव भिकाजी रास्ते यांनी १७५७ मध्ये काशीविश्वेश्वराचे देवालय बांधले, तर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये महागणपतीचे. विश्वेश्वरापुढील काळ्या पाषाणाचा नंदी इतका घोटलेला आहे की त्याच्या गळ्यातील घुंगुरमाळ सकाळच्या तिरप्या उन्हात मण्यामण्याने मोजता यावी.

महागणपतीचे देवालय मात्र सौंदर्यापेक्षा शहाणपणासाठी पाहावे. आतील एकसंध पाषाणाची मूर्ती भव्य आहे आणि तिच्या स्थूल देहामुळे लोकांनी देवास ‘ढोल्या गणपती’ असे सलगीचे नाव दिले आहे. भाविकाचे लक्ष तेथेच खिळते व तो दर्शन घेऊन परततो. परंतु खरे कसब देवळाच्या पाठीमागे आहे. गाभाऱ्याची मागील भिंत सरळ न बांधता प्रवाहाच्या रोखाने माशासारखी निमुळती केलेली आहे, जेणेकरून पुराचे पाणी तिच्यावर आदळण्याऐवजी दुभंगून दोहों अंगांनी निघून जावे. नदीच्या पात्रालगत, तिच्या अगदी वाटेत देऊळ बांधावयाचे आणि तिचा अडसर मात्र व्हावयाचा नाही, ही अट ज्या गवंड्यांनी स्वीकारली त्यांची नावे कोणत्याही शिलालेखात नाहीत; नावे द्रव्य देणाऱ्यांची आहेत. पुराच्या दिवसांत या भिंतीजवळ जाणे अशक्य असते आणि आश्विनात तिच्यालगत उभे राहून दगडांचे सांधे तपासता येतात. पुरातन वास्तूंच्या बाबतीत आपण शिखरे पाहतो व पाये विसरतो, ही खोड वाईत तरी सोडावी.

गावाचा राजकीय इतिहास थोडक्यात पुरे. विराटनगरी म्हणजेच वाई ही श्रद्धा जुनी आहे व पांडवगड, भीमकुंड आदी नावे तिच्यावरच पोसली आहेत. ऐतिहासिक काळात हा आदिलशाहीचा महत्त्वाचा परगणा होता आणि अफझलखान येथे सुभेदार होता. पुढे १६५९ मध्ये शिवाजी महाराजांवर चालून येताना त्याने पावसाळ्याचा तळ वाईसच दिला, कारण माहितीचा मुलूख, भरपूर दाणावैरण आणि जावळीकडे जाणाऱ्या वाटा येथे हाताशी होत्या. पाऊस सरून घाटवाटा कोरड्या झाल्यावर तो वर चढला. १० नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशी जे घडले ते सर्वश्रुत आहे. सह्याद्रीत मोहिमांचा आरंभ शरद सरता सरता होतो, या शिरस्त्याचे हे एक ठळक उदाहरण होय. पुढे मराठ्यांचे सरसेनापती हंबीरराव मोहिते हे डिसेंबर १६८७ मध्ये वाईनजीकच्या लढाईतच पडले.

वाईपासून सुमारे ३ किमी. वरील मौजे मेणवली हा गाव नाना फडणवीसांना औंधच्या प्रतिनिधींकडून १७६८ मध्ये इनाम मिळाला. तेथे नानांनी सहा चौकांचा वाडा, चंद्राकार घाट व मेणेश्वराचे देवालय बांधविले. वाड्याच्या भिंतींवर चित्रे आहेत, तक्तपोशी सागवानी आहे, तरीही एकंदर वास्तू मालकाच्या स्वभावाला शोभेल अशी आवरलेली, आत वळलेली व हिशेबी आहे. साऱ्या हिंदुस्थानातील वकिलांची पत्रे ज्याच्या हातांतून गेली त्या कारभाऱ्याचे दफ्तर पुढे याच वाड्यात सापडले. मेणवली दफ्तर या नावाने ते इतिहाससंशोधकांस परिचित असून उत्तर पेशवाईचा इतिहास त्यावाचून लिहिता येत नाही. घाटावरील एका लहानशा मंडपात पंचधातूची प्रचंड घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चांमधून ज्या घंटा आणल्या गेल्या त्यांपैकी ही एक होय. तिच्यावर बाळ येशूसह मेरीची आकृती व १७०७ हे साल आहे. शंकराच्या दारात मेरीची प्रतिमा लटकत असून तिच्याविषयी येथील कोणास कधी संकोच वाटल्याचे दिसत नाही. हा घाट चित्रपटांमुळे दूरवरच्या लोकांसही ओळखीचा झाला आहे. ‘स्वदेस’ (२००४) मधील उत्तर हिंदुस्थानी खेड्याचा नदीकाठ म्हणून जो दिसतो तो हाच. कृष्णेने गंगेच्या खोऱ्याची भूमिका वठवावी हे तसे परंपरेला धरूनच आहे. गुरू कन्या राशीत प्रवेश करतो तेव्हा, दर बारा वर्षांनी, गंगा कृष्णेस भेटावयास येते अशी श्रद्धा असून त्या कन्यागत पर्वकाळी वाईचे घाट स्नानार्थींनी भरतात. यापूर्वीचे पर्व २०१६ मध्ये झाले.

वाईची विसाव्या शतकातील कीर्ती घाटांची नसून ग्रंथांची आहे. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढील काळातील केवलानंद सरस्वती (१८७७–१९५५), यांनी येथे प्राज्ञपाठशाळा चालविली. प्राचीन शास्त्रांचे अध्ययन काटेकोर परंपरेने व्हावे आणि तरीही विद्यार्थ्याने वर्तमानाकडे पाठ फिरवू नये, असे तिचे धोरण होते. विनोबा भावे यांनी १९१७ च्या सुमारास गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन येथे उपनिषदे व शांकरभाष्य यांचा अभ्यास केला. पाठशाळेचे सर्वांत ख्यातनाम विद्यार्थी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी (१९०१–१९९४) हे खानदेशातील पिंपळनेरहून वाईस आले आणि आयुष्यभर येथेच राहिले. धर्मकोशाचे प्रचंड कार्य त्यांनी येथूनच चालविले, आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादकत्व त्यांच्याकडे आल्यावर त्याचे कार्यालयही मुंबई-पुण्यात न ठेवता वाईस नेण्यात आले. पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गावात रेल्वे नाही व विद्यापीठ नाही, तेथे बसून जगातील समस्त ज्ञानाची वर्णानुक्रमे लावणी करावी, हे धाडस सरकारी फायलीत कसे मंजूर झाले याचे आश्चर्य वाटते. पण कोशाच्या कामास जी सलग स्वस्थता लागते ती राजधानीत मिळाली असती असे म्हणवत नाही. ‘नवभारत’ हे वैचारिक मासिकही दीर्घकाळ येथूनच निघत आले आहे.

ही स्वस्थता वर्षभर सारखी नसते. पौषात मांढरदेवच्या काळूबाईची यात्रा भरते. माघापासून एकेक आळी पाळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव करते. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी केलेल्या नवसातून तो सुरू झाला अशी आख्यायिका असून, त्यात नदीलाच देवीरूपाने घाटावरील मांडवात बसवून तिच्यापुढे कीर्तने व भोजने होतात. फाल्गुनात रंगपंचमीला बावधनचे बगाड निघते, आणि वैशाखात थंड हवेसाठी वर जाणाऱ्यांच्या मोटारी पसरणीच्या घाटाकडे गर्दी करतात. नवरात्र सोडल्यास आश्विन-कार्तिकात मोठी अशी यात्रा नाही; त्रिपुरी पौर्णिमेस घाटांवर दिवे लावले जातात, परंतु तो सोहळा मुख्यतः गावकऱ्यांचा आहे. या दिवसांत दुपारचे ऊन चांगलेच चटका देते, हे थंडीच्या आशेने येणाऱ्याने ध्यानात ठेवावे. गारवा पहाटेचा व सायंकाळनंतरचा. नदीकाठी हिंडण्याचे तेवढेच दोन प्रहर.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाईच्या वरच्या अंगास सुमारे ८ किमी. वर धोम येथे कृष्णेवर धरण झाले. तेव्हापासून घाटांपुढील पाणी केवळ ऋतुमानाने न वाहता कालव्यांच्या आवर्तनांनी व पाटबंधारे खात्याच्या हुकमाने कमीअधिक होते. धरणाने पुराचा जोर मोडला व तालुक्यापलीकडील कोरडवाहू मुलखास पाणी दिले, हा लाभ मोठा आहे. मात्र पूर घाट धुऊन काढीत असे ते काम आता माणसाने करावयास हवे, आणि तेथे नगरीची उदासीनता दिसते. आळ्यांचे सांडपाणी नदीत उतरते, संथ पाण्यावर जलपर्णी साचते, आणि जिला माघात देवी म्हणून मांडवात बसवावयाचे तिच्या अंगावर आश्विनात निर्माल्याच्या पिशव्या टाकल्या जातात. धरणाखेरीज धोम गावात पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे नृसिंहमंदिराच्या आवारातील कमलाकृती पुष्करणी; तिच्या मध्यभागी कूर्माच्या पाठीवर नंदी बसविला आहे. पुष्करणी भरली की कासव पोहत असल्याचा भास व्हावा, अशी ती योजना.

शेतीच्या दृष्टीने हा काळ सुगीचा व पेरणीचा असा दुहेरी असतो. पश्चिमेच्या खोऱ्यात भात कापणीस येते, भुईमुगाची काढणी चालते, पूर्वेस शाळूची पेर उरकते, आणि ज्या हळदीसाठी वाईची पेठ नावाजलेली आहे तिची रुंद पाने कमरेपेक्षा उंच होतात. तिचे कंद मात्र शिशिर सरता सरता निघावयाचे. वर पाचगणी-महाबळेश्वरच्या उतारांवर स्ट्रॉबेरीची रोपे नुकतीच लागलेली असतात, त्यामुळे या हंगामात तेथे फळ मागणाऱ्याची निराशा होते. डोंगरउतारांवर सोनकीचा पिवळा बहर आश्विनाच्या आरंभापर्यंत टिकतो. कृष्णा व वाळकी या नद्यांच्या खोऱ्यांमधील कमळगडावर जाण्यास हाच काळ योग्य. पाऊलवाटा वाळलेल्या असतात आणि रान अद्याप हिरवे असते. या गडावर दरवाजे-बुरुजांपेक्षा पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे कातळात खोल उतरलेली गेरूची विहीर. तिच्या लालसर भिंतींना हात लावला की हात रंगतो.

पुणे-बंगळूर महामार्गावर खंबाटकीचा घाट उतरल्यानंतर सुरूर फाट्यापासून वाईस रस्ता फुटतो. आगगाडीने येणाऱ्यास वाठार स्थानकावर उतरून पुढे मोटारीने यावे लागते. दसरा उलटल्यापासून दिवाळीची सुट्टी लागेपर्यंतचे दिवस मुक्कामास उत्तम होत. सुट्टी सुरू झाली की महाबळेश्वरची रहदारी गावातून वाहू लागते. मेणवलीस पायी जावे, धोमास वाहन करावे, आणि महागणपतीच्या मागील भिंतीकडे सूर्य कलल्यावर, सावली पाण्याच्या बाजूस नसताना जावे.