छातीचा घेर आणि दमा

कसाऱ्याला गाडीस मागून जादा इंजिने लागतात, मग ती थळ घाट चढते. शिपायाला मात्र आपल्याच दमावर चढावे लागते. म्हणून भरतीची टेप फार काळ छातीचा घेर नि फुगाव मोजत आली. पण दमेकऱ्याची छाती त्या दिवशी झकास फुगू शकते! गवताच्या परागाने, धुळीने श्वासनळी आवळते, हे टेपेला काय कळणार? ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्दच व्हिएन्नाच्या पिर्के या डॉक्टरांनी १९०६ साली घडविला. आज उमेदवाराकडून दम्याची हकीकत लेखी घेतात. दमा आढळल्यास तो अपात्र ठरतो. शहापूर-मुरबाडच्या गरजू पोराला धाप लपवावीशी वाटणे साहजिक आहे. पण चौकीवर त्याचा श्वास अडला, तर शेजारच्या शिपायाचाही जीव टांगणीला लागतो. निकाल अमान्य असेल, तर वरच्या वैद्यकीय मंडळाकडे दाद मागता येते.