हौसेला मोल असतं: मुंबईचे फोटो क्लब आणि नेरुळचे फ्लेमिंगो

ज्यांना लोकलच्या गर्दीत पॉडकास्ट नीट ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोललो तसाच ठेवलाय, त्यामुळे ‘बरं का’ आणि ‘बघा’ जरा जास्त सापडतील. सांभाळून घ्या.

आजचा विषय आहे हौशी फोटोग्राफी क्लब. नवी मुंबईत राहत असाल तर ही मंडळी तुम्ही नक्की पाहिली असणार. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत, रविवारी सकाळी सहा-साडेसहाला, नेरुळ-सीवूड्सच्या मागच्या पाणथळ जागेवर दहा-बारा जण ट्रायपॉड लावून उभे असतात. त्यांत बँकेतून निवृत्त झालेले काका असतात, आयटीतली मुलगी असते, कॉलेजचा एखादा पोरगा मित्राची लेन्स उसनी घेऊन आलेला असतो. सगळे गप्प. मग कुणीतरी थर्मास उघडतं आणि चहाबरोबर शटर स्पीडवरून वाद सुरू होतो.

मला प्रश्न पडला की ही प्रथा आली कुठून? फोटो तर एकट्याने काढायची गोष्ट. मग त्यासाठी क्लब कशाला लागतो? उत्तर शोधताना मी खाडी ओलांडून थेट १८५४ सालच्या मुंबईत पोहोचलो.

१९ ऑगस्ट १८३९ ला पॅरिसमध्ये डगेरोटाइपची पद्धत जगासमोर जाहीर झाली. म्हणून आपण त्या तारखेला जागतिक छायाचित्रण दिन साजरा करतो आणि स्टेटसला जुने फोटो टाकतो. त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. रेल्वे सुरू होऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं आणि मुंबई विद्यापीठ अजून जन्मालाही आलं नव्हतं! कॅप्टन हॅरी बार हे सोसायटीचे पहिले अध्यक्ष. पुढे सोसायटीने स्वतःचं नियतकालिकही काढलं.

आता क्लब का लागला ते बघा. त्या काळी नव्याने आलेली पद्धत होती ओल्या काचेची, म्हणजे वेट कोलोडियन. काचेवर चिकट कोलोडियन ओतायचं, ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि सुकायच्या आत अंधाऱ्या खोलीत नेऊन धुवायची. हातात असायची दहा-पंधरा मिनिटं, आणि मुंबईच्या उन्हाळ्यात तर त्याहून कमी. बाहेर फोटो काढायला निघालात की डार्करूमचा तंबूही बरोबर! बोटांवर काळे डाग पडायचे. रसायनं परदेशातून यायची. चुकलं कुठे हे सांगायला ना यूट्यूब, ना पुस्तकांचं दुकान. त्यामुळे एकत्र जमणं ही गरज होती. एकाने केलेली चूक दुसऱ्याला ऐकवायची आणि एकाकडचा कॅमेरा दुसऱ्याने पाहायचा. क्लबचं मूळ हे असं आहे.

आपल्याकडे म्हणतात, हौसेला मोल नाही. पण या हौसेला चांगलंच मोल होतं. कॅमेरा, लेन्स, काचा, रसायनं, हमाल आणि शिवाय मोकळा वेळ. म्हणून सुरुवातीची ‘हौशी’ मंडळी म्हणजे कंपनी सरकारचे लष्करी अधिकारी, डॉक्टर, मोठे व्यापारी. ‘हौशी’ या शब्दात तेव्हा एक प्रतिष्ठा होती, की हा माणूस पोटासाठी फोटो काढत नाही.

तरीही मुंबईच्या सोसायटीचं दार एतद्देशीयांना पूर्ण बंद नव्हतं. तिथे एक नाव दिसतं, डॉ. नारायण दाजी. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचं नाव तुम्हाला माहीत असेल, त्या भाऊ दाजींचे हे धाकटे भाऊ. दोघंही ग्रँट मेडिकल कॉलेजच्या अगदी सुरुवातीच्या डॉक्टरांपैकी. नारायण दाजी सोसायटीच्या कार्यकारिणीवर होते आणि त्यांनी काढलेले फोटो प्रदर्शनांत मांडले गेले. एक गोऱ्यांचा क्लब, त्यात एक मराठी डॉक्टर, आणि तोही नुसता पाहुणा म्हणून नाही. १८५० च्या दशकात ही साधी गोष्ट नव्हती.

दुसरं दार उघडलं ते शाळेतून. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. तो फार काळ चालला नाही, पण त्यातून हरिश्चंद्र चिंतामण नावाचा विद्यार्थी बाहेर पडला. त्याने मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला आणि त्याचं काम १८६७ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनापर्यंत गेलं. भारतातल्या सुरुवातीच्या व्यावसायिक फोटोग्राफरांमध्ये त्याचं नाव घेतात. म्हणजे ज्याला क्लबातली हौस परवडण्यासारखी नव्हती, त्याला शाळेने तीच विद्या पोटापाण्यासाठी दिली.

कलकत्त्यात मात्र वेगळंच घडलं. ही गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात जास्त लागली. तिथे १८५६ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बेंगॉल निघाली. राजेंद्रलाल मित्र हे मोठे विद्वान तिचे पदाधिकारी होते. एप्रिल १८५७ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये एक सभा झाली. विषय होता कायद्याचा: गावोगावच्या युरोपियनांनाही कंपनीच्या फौजदारी न्यायालयांखाली आणावं की नाही. मित्र बोलायला उभे राहिले आणि नीळवाल्या गोऱ्या मळेवाल्यांवर त्यांनी कडक टीका केली. भाषण कॅमेऱ्याबद्दल नव्हतं, सभा क्लबची नव्हती. तरी क्लबातले युरोपियन सभासद भडकले आणि मित्रांना सोसायटीतून काढून टाकण्यात आलं. त्यांच्या बाजूने काही भारतीय सभासदही बाहेर पडले.

आता तुमच्या मोबाइलवरच्या कुठल्याही फोटो ग्रुपचे नियम आठवा. ‘फक्त फोटो टाका, राजकारण नको.’ नियम वाईट आहे असं मी म्हणत नाही, ग्रुप चालवणाऱ्याची डोकेदुखी मला कळते. पण कुठली गोष्ट ‘राजकारण’ आणि कुठली ‘कला’, हे ठरवतं कोण? कलकत्त्यात ते ज्यांचं संख्याबळ होतं त्यांनी ठरवलं.

दुसरा प्रश्न कॅमेऱ्याच्या पुढच्या माणसाचा. मुंबईच्या सोसायटीच्या पाठिंब्याने १८५६ पासून विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ नावाची मासिक मालिका काढली. तिच्यात खरे फोटो चिकटवलेले असत. इमारती होत्याच, शिवाय पश्चिम भारतातले ‘लोक आणि त्यांचे पोशाख’. पुढे १८६० च्या दशकात जॉन्सनने मुंबईतल्या जातीजमातींवर दोन खंडांचं मोठं पुस्तक केलं. त्यातली गंमत अशी की माणसांचे फोटो एकीकडे काढलेले आणि मागचं दृश्य दुसरीकडचं आणून जोडलेलं. म्हणजे फोटोशॉपच्या शंभरहून अधिक वर्षं आधीचं फोटोशॉप! चित्राखाली जात लिहिलेली, समाज लिहिलेला. समोरच्या माणसाचं स्वतःचं नाव मात्र बहुतेक ठिकाणी नाही. तो माणूस तिथे माणूस म्हणून नव्हताच, नमुना म्हणून होता.

पुढे कॅमेरा स्वस्त झाला. १८८८ मध्ये कोडॅक आला, १९०० मध्ये एका डॉलरचा ब्राउनी आला. धुण्याची कटकट दुकानदाराने घेतली. आता क्लबची गरज संपायला हवी होती ना? उलट झालं. सगळेच फोटो काढायला लागल्यावर ‘आमचा फोटो वेगळा’ हे दाखवण्यासाठी क्लब लागला. मुंबईत १९३२ मध्ये कॅमेरा पिक्टोरियलिस्ट्स ऑफ बॉम्बे आणि १९३७ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली. धुकं, बैलगाडी, तिरपा प्रकाश, चित्रासारखा दिसणारा प्रिंट, असा तो जमाना. मग ‘सलोन’ आले, म्हणजे स्पर्धा आणि प्रदर्शन एकत्र. परीक्षकांपुढे एकेक प्रिंट ठेवायचा आणि त्यांनी गुण द्यायचे. १९५० मध्ये फियाप ही आंतरराष्ट्रीय संघटना झाली, १९५३ मध्ये आपल्याकडे फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी. आजही काही फोटोग्राफर नावापुढे ‘एएफआयएपी’ अशी अक्षरं लावतात. त्या पदव्या या साखळीतूनच येतात.

याच काळात मुंबईत होमाई व्यारावाला नावाची एक तरुणी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत होती. ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये छापून आलेले तिचे सुरुवातीचे फोटो कसले होते माहितीये? बायकांच्या एका क्लबच्या सहलीचे! पुढे ती देशातली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखली गेली. पण सुरुवातीचे तिचे कितीतरी फोटो मानेकशॉ व्यारावाला यांच्या नावाने छापले गेले. बघा, नाव कुणाचं हा प्रश्न कॅमेऱ्याच्या मागेही होता.

आता खाडी ओलांडून परत इकडे येऊ. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर नवं शहर आखलं गेलं. त्या काळात मध्यमवर्गाच्या घरात पोहोचला होता आग्फा क्लिक थ्री, बडोद्यात बनणारा साधा कॅमेरा. एका रोलमध्ये बारा फोटो. म्हणजे हे शहर आणि सामान्य माणसाची फोटोची हौस साधारण बरोबरीनेच मोठी झाली. ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांत भातशेती, मिठागरं, कोळीवाडे होते. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण भागात आंदोलन झालं, पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. १९९२ मध्ये महापालिका झाली, त्याच वर्षी मानखुर्दहून वाशीला लोकल आली.

या सगळ्याचे फोटो कुणी काढले असतील? सलोनच्या भिंतीवर सूर्यास्तात जाळं फेकणारा कोळी चटकन शोभतो. मोजणीची साखळी घेऊन आलेली माणसं आणि बांधावर उभा असलेला शेतकरी तितका शोभत नाही. त्याला गुण मिळत नाहीत. मग तो फोटो निघतच नाही, किंवा निघाला तर कपाटातल्या डब्यात राहतो. क्लबची अभिरुची अशी गुपचूप इतिहास घडवते.

नेरुळच्या पाणथळीवर मात्र ही अभिरुची वेगळ्या वळणावर आली. नव्वदच्या दशकापासून ठाणे खाडीत फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित, मोठ्या संख्येने यायला लागले. भरती आली की खाडीतला चिखल पाण्याखाली जातो आणि पक्षी चाणक्य पाणथळ किंवा डीपीएस तलावासारख्या उथळ जागी येऊन थांबतात. म्हणून इथल्या हौशी फोटोग्राफरकडे भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाठ असतं, कोळ्यासारखं! २०१५ मध्ये खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये ते रामसर स्थळ झालं. पण नेरुळच्या या जागा त्या हद्दीबाहेर. २०२४ मध्ये डीपीएस तलावात भरतीचं पाणी येणं अडलं, तळं कोरडं पडत गेलं, पक्षी दगावले आणि तो वादाचा विषय झाला.

अशा वेळी ग्रुपवर मेलेल्या पक्ष्याचा फोटो आला की काय होतं? कुणी म्हणतं, ‘सकाळी सकाळी हे नको.’ कुणी म्हणतं, ‘हा कलेचा ग्रुप आहे.’ मला तेव्हा राजेंद्रलाल मित्रच आठवतात. आणि एक साधी गोष्ट लक्षात येते. तळं भरलेलं असताना काढलेला गुलाबी थव्याचा तोच गोड, बक्षीसपात्र फोटो, ज्यावर तारीख आणि जागा नोंदलेली आहे, तो आता पुरावा झाला. इथे पाणी होतं, इथे पक्षी होते, हे तो दाखवतो. तारीख नसेल तर तो फक्त वॉलपेपर आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. क्लबात जा, जरूर जा. आज डार्करूम नको, रसायनं नकोत, खिशातला फोन पुरतो, तरी चार जणांत फोटो दाखवल्याशिवाय नजर तयार होत नाही. पण जाताना या जुन्या क्लबांकडून दोन गोष्टी शिकून जा. फोटोखाली तारीख आणि जागा लिहा. माणसाचा फोटो काढलात तर त्याला विचारा आणि त्याची हरकत नसेल तर त्याचं नावही लिहा. दिवाळेच्या मासळी बाजारातली मावशी ‘ओल्ड कोळी वुमन’ नाही, तिला नाव आहे. जॉन्सनच्या पुस्तकातल्या माणसांना आपण आता नाव विचारू शकत नाही. मावशी अजून समोर बसलीय.

आणि घरात वडिलांचा, आजोबांचा जुना अल्बम असेल, वाशीचा, बेलापूरचा, तुमच्या गावठाणाचा, तर तो काढा. या सुट्टीत त्यांच्याशेजारी बसा आणि प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीने लिहून घ्या: कोण, कुठे, कधी. पेनाने नको हं, शाई पुढे उमटते.