फाशातले काळवीट (तळटीप)

१. लेखक हा प्रकार दोन ओळींत उरकतो, म्हणून थोडा खुलासा. ही रीत फासेपारध्यांची. तातीचे सरकते फास एका लांब दोरीवर ओळीने बांधून ती खुंट्यांनी जमिनीलगत ताणत. मग हाका, पण आरडाओरडा नाही. शिकवलेल्या बैलाच्या आडून पारधी असा रमतगमत सरके की कळपाला गुरेच चरताहेत असे वाटावे. दुसरी युक्ती अधिक बेरकी: पाळीव काळविटाच्या शिंगांना फास बांधून त्याला रानातल्या कळपाकडे सोडायचे. कळपातला नर झुंजीला आला की शिंगे गुंतलीच! ‘ऐन-ए-अकबरी’तही शिंगांवर जाळे बांधलेल्या हरणाचा असाच उपयोग सांगितला आहे.

लेखक पारध्यांना सरसकट ‘चोरटे’ म्हणतो. हा शिक्का १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या काळातला; तो कायदा १९५२मध्ये रद्द झाला. आणि बंदुकीने तेच काळवीट टिपणारे साहेब मात्र पुस्तकभर ‘शौकीन’ ठरतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाची शिकार दोघांनाही बंद झाली. पुढील प्रकरणातली चित्त्याकरवी होणारी शिकार वेगळी. तो कोल्हापूर दरबाराचा थाट.