तोच का हा राजपुत्र?

आजचा विषय कळल्यावर आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आणि आता पोरांच्या व्हिडिओ गेमवर बोलणार?" आम्ही म्हटलं, बोलणार, आणि इतिहास म्हणून बोलणार. ज्या खेळाला पस्तीसहून अधिक वर्षं झाली, ज्याच्या एकेका भागावरून खेळणाऱ्यांत तट पडले आणि ज्याच्या शेवटच्या प्रकरणात आपलं पुणं येतं, त्याला इतिहास म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

प्रश्न साधा आहे. आवडत्या गोष्टीचा पुढचा भाग निघतो, किंवा तीच गोष्ट कुणी नव्याने घडवतं, तेव्हा तिच्यावर सगळ्यात जास्त जीव असलेली माणसंच तिच्यावर सगळ्यात जास्त का चिडतात?

खेळाचं नाव 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. नव्वदीच्या दशकात ज्यांच्या कचेरीत संगणक होता, त्यांच्यापैकी काही जण आत्ता गालात हसताहेत, आम्हाला दिसतंय. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांच्या कचेऱ्यांत जेवणाच्या सुट्टीत हा खेळ कोण खेळलं आणि फ्लॉपीवर घालून घरी कुणी नेला, याची चौकशी आज नको. आमच्याही निगडीच्या घरी तो असाच एका फ्लॉपीवरून आला. पांढऱ्या कपड्यांतला एक चिमुकला राजपुत्र, तळघराचा चक्रव्यूह, जमिनीतून वर येणारे सुळे, आणि साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचं. जॉर्डन मेकनर नावाच्या तरुण अमेरिकन माणसाने तो जवळजवळ एकट्याने केला आणि 1989 साली तो बाजारात आला. मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं होतं आणि त्या चित्रीकरणावरून राजपुत्राची हालचाल रेखाटली होती. म्हणून तो कडेला लोंबकळताना आपल्या पोटात गोळा यायचा. त्या चार ठिपक्यांच्या बाहुल्यात खरं माणूस होतं.

पुढे 1993 साली दुसरा भाग आला, 1999 साली तिसरा, तो फारसा कुणाला रुचला नाही. ते सोडून देऊ. आपल्याला पोचायचंय 2003 सालाशी.

त्या वर्षी युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या कॅनडातल्या माँट्रियल स्टुडिओने 'द सँड्स ऑफ टाइम' काढला. कथा मेकनरचीच. आता गंमत बघा, ही गोष्ट सुरू होते ती भारतात. इराणचा राजपुत्र बापाच्या सैन्याबरोबर एका महाराजाचा वाडा लुटायला येतो. लुटीत त्याला एक खंजीर मिळतो, त्याच्यात काळ मागे फिरवायची ताकद असते. एका कपटी वजिराच्या नादाने तो शापित वाळू मोकळी करतो आणि सगळं नगर राक्षस होऊन जातं. उरतात तो, वजीर आणि फराह. फराह ही त्या लुटलेल्या महाराजाची मुलगी. म्हणजे ज्याने घर लुटलं त्याच्याच सोबत तिला चालायचंय. खेळणाऱ्याची चूक झाली, राजपुत्र दरीत पडला, की खंजिराने काही क्षण मागे जायचं आणि पुन्हा उडी मारायची. शिवाय सगळी गोष्ट राजपुत्र स्वतः सांगत असतो. तुम्ही मेलात, की तो स्वतःलाच दुरुस्त करतो, की छे, आपण सांगायला चुकलो.

शेवटी तो काळ पार सुरुवातीपर्यंत मागे नेतो. लूट झालीच नाही, फराह जिवंत आहे, पण तिला याची ओळखच नाही. तो तिच्या सज्जात उभा राहून तिला सगळी हकिगत सांगतो. त्याला सगळं आठवतंय, तिला काहीच नाही. हा प्रसंग लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येऊ.

आमच्या सोसायटीत एक मुलगा आहे. मुलगा कसला, चाळिशीकडे आलाय. चाकणला सुट्या भागांच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. शाळेत असताना तो चिंचवड स्टेशनजवळच्या एका सायबर कॅफेत तासावर पैसे भरून हा खेळ खेळायचा. फराहच्या त्या सज्जापाशी तो रडला होता, असं त्याने आम्हाला फार उशिरा सांगितलं. वर्षभराने, 2004 च्या अखेरीला, पुढचा भाग आला, 'वॉरियर विदिन'. हे महाशय वाढदिवसाचे पैसे घेऊन कॅफेत गेले आणि अर्ध्या तासात उठून आले.

झालं होतं असं की राजपुत्र बदलला होता. हसरा, थोडा गर्विष्ठ, स्वतःवरच विनोद करणारा तो पोरगा गेला आणि त्याच्या जागी दात-ओठ खाणारा, रक्ताने माखलेला योद्धा आला. काळाशी खेळ केला म्हणून दहाका नावाचा एक राक्षस त्याच्या मागे लागलेला. पार्श्वभूमीला हेवी मेटल गिटारी. आवाज देणारा नटही दुसरा. फराह नाहीच. खेळणाऱ्यांत सरळ दोन तट पडले. एक म्हणे, लढाई आता कुठे झकास झाली, पाठलाग असा की घाम फुटतो, आणि मरण पाठीशी लागलेला माणूस हसत कशाला बसेल? दुसरा म्हणे, हा आमचा राजपुत्रच नव्हे. खुद्द मेकनरचा या भागात हात नव्हता आणि त्यातली हिंसा व एकंदर वळण आपल्याला रुचलं नाही, हे त्याने उघड सांगितलं.

आमचं मत विचाराल तर पहिल्या तटाची बाजू आम्हाला वाटते तितकी लंगडी नाही. पण दुसऱ्या तटाचं वाक्य आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. 'वाईट आहे' असं तो म्हणत नाही, 'हा तो नव्हे' असं म्हणतो. हे दोन वेगळे आरोप आहेत.

आपल्याकडच्या दर्शनांत यावर मोठा वाद झालेला आहे. देवदत्ताला वर्षांपूर्वी कुठेतरी पाहिलं, आज इथे पाहिलं, आणि आपण म्हणतो, 'तोच हा देवदत्त.' या ज्ञानाला म्हणतात प्रत्यभिज्ञा, साध्या मराठीत ओळख पटणं. त्यात 'तो' आठवणीतून येतो आणि 'हा' डोळ्यांसमोरून. नैयायिक म्हणतात, ओळख पटते त्या अर्थी मधल्या काळात ती वस्तू टिकून होती. बौद्ध म्हणतात, छे! कापलेले केस पुन्हा वाढले की तुम्ही 'तेच केस' म्हणताच की. सारखेपणाला तुम्ही तेच समजून बसता.

चाहत्याची गोची अशी, की तो नैयायिकासारखा प्रेम करतो आणि कंपनी बौद्धासारखी माल विकते. (बौद्ध मित्रांनी माफ करावं, विनोद आहे.) नाव तेच ठेवलं की माणसं आपणहून ओळखायला धावतात. आणि धावत येऊन ओळख पटली नाही, तर फसवल्यासारखं वाटतं.

यात नवीन काही नाही. 1935 साली पुण्यात प्रभातने 'धर्मात्मा' काढला, शांतारामबापूंचं दिग्दर्शन, आणि संत एकनाथांच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व. ज्यांनी त्यांची सिंधू, भामिनी, रुक्मिणी डोळ्यांत साठवली होती, त्यांना पुरुषवेषातले गंधर्व बघवले नाहीत. प्रभातबरोबरचा त्यांचा तो एकच चित्रपट ठरला.

तर पुढचं वर्ष, 2005. तिसरा भाग आला, 'द टू थ्रोन्स'. कंपनीने जुना नट परत आणला, फराह परत आणली. आणि कथेत काय केलं? राजपुत्राच्या अंगात वाळू भिनून त्याचे दोन झाले, एक मूळचा आणि एक काळा, क्रूर. दोघं एकाच देहात राहून एकमेकांशी भांडतात. लेखकांच्या मनात काय होतं ते त्यांना ठाऊक. आम्हाला मात्र असं दिसतं की चाहत्यांचे दोन्ही तट त्यांनी एकाच शरीरात कोंबले आणि म्हणाले, आता तुमचं तुम्ही बघून घ्या.

आता आपल्या गावाकडे येऊ. युबिसॉफ्टचा पुण्यात 2008 पासून स्टुडिओ आहे. बरीच वर्षं तिथे दुसरीकडच्या खेळांना हातभार लावण्याचं काम चाले. आपल्या पट्ट्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. ड्रॉईंग बाहेरून येतं, नग इथे बनतो, नाव तिकडचं लागतं. तर 10 सप्टेंबर 2020 ला जाहीर झालं की 'सँड्स ऑफ टाइम' पुन्हा नव्याने घडवला जातोय, आणि घडवणार पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ. हातभार नव्हे, अख्खा खेळ. दिवस करोनाचे, माणसं घरून काम करत होती.

एक-दोन मिनिटांची झलक दाखवली आणि त्याच रात्री जगभरातून टीका सुरू झाली. चेहरे कोरडे, प्रकाश सपाट, हा तर दहा वर्षांपूर्वीचा खेळ वाटतो. वेगळी दृश्यशैली मुद्दाम निवडली आहे असा खुलासा झाला, तो कुणी मानला नाही. 21 जानेवारी 2021 ही तारीख होती, ती 18 मार्चवर गेली, आणि फेब्रुवारीत सांगितलं की आता तारीखच नाही.

योगायोग बघा. त्याच जानेवारी-फेब्रुवारीत पिंपरीत दुसरं एक पुनरागमन चाललं होतं. टाटांची सफारी. 1998 पासून धावलेली, 2019 मध्ये थांबलेली. 2020 च्या ऑटो एक्स्पोत एक नवी गाडी 'ग्रॅव्हिटास' नावाने दाखवली होती, तिलाच आता 'सफारी' हे नाव दिलं. जुन्या सफारीत फोर बाय फोर मिळायचं, नव्या गाडीत ते नव्हतं. जुने सफारीवाले खवळले. गाडी वाईट आहे असं त्यांचंही म्हणणं नव्हतं. ग्रॅव्हिटास म्हणून विकली असती तर त्यांनी कौतुकाने बघितली असती. 'सफारी' म्हटल्यावर त्यांनी चिखल, घाट आणि ते वीस वर्षांपूर्वीचे प्रवास बाहेर काढले आणि नव्या गाडीवर ठेवून पाहिले.

तर आमचा चाकणचा मुलगा. त्याने ती झलक पाहिली आणि रात्री दीड वाजता इंग्रजीत एक सणसणीत शेरा लिहिला. कामाचीच भाषा वापरली, असा नग आमच्या लाइनवर असता तर मी लाल टॅग लावून बाजूला टाकला असता. सकाळी त्याला कळलं की हे काम पुण्यात झालंय. मग इतरांचे शेरे वाचले. त्यात 'भारतात करवून घेतलं, मग असंच व्हायचं' असाही सूर होता, आणि त्या माणसांनी याच्या शेऱ्याला पसंती दिली होती. त्याने आपला शेरा काढून टाकला. संध्याकाळी आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, मी काढला ते बरोबर केलं का? नग खराब तर खराब. आपल्या माणसांनी केला म्हणून पास करायचा का?"

आम्हाला तेव्हा उत्तर सुचलं नाही, खरं सांगतो. आम्ही त्याला उलट विचारलं, "तू ताडून कशाशी पाहिलंस? ड्रॉईंग कुठं होतं?" तो म्हणाला, "जुना खेळ." आम्ही म्हटलं, "तो तू शेवटचा कधी पाहिलास?"

चार दिवसांनी तो लॅपटॉप घेऊन आला. 2003 चा खेळ त्यावर घातलेला. आम्ही दोघांनी बसून पाहिला. फराहचा चेहरा लाकडी, ओठ हलतात ते शब्दांशी जुळत नाहीत, बोटं एकमेकांना चिकटलेली. तो गप्प झाला. मग म्हणाला, "हे असं नव्हतं." आम्ही म्हटलं, "असंच होतं." सतरा वर्षं त्याच्या आठवणीने त्या चेहऱ्यावर रोज थोडा थोडा हात फिरवला होता. बाकी कुठल्याही स्टुडिओला इतका वेळ मिळत नाही.

पण लगेच तो जे बोलला तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. म्हणाला, "मान्य. पण सर, जुन्यात सावल्या बघा. वाड्यात शिरलं की गार वाटतं. झलकेत ते गार वाटत नव्हतं." आणि हे खरं होतं. आठवणीचं सोनं वजा केल्यावरही काही उरत होतं. तक्रार सगळी आठवणीची नव्हती. झलक खरोखर कच्ची होती, आणि ती त्या अवस्थेत जगापुढे ठेवायचा निर्णय चेहरे रंगवणाऱ्या मुलामुलींनी घेतला असेल असं आम्हाला वाटत नाही. पहिला नग कुणाला, कधी दाखवायचा हे लाइनवरचा माणूस ठरवत नसतो. हे आमच्यापेक्षा इथल्या निम्म्या सभागृहाला जास्त चांगलं ठाऊक आहे.

मे 2022 मध्ये काम पुणे-मुंबईकडून माँट्रियलला गेलं, जिथे मूळ खेळ झाला होता तिथे. काम दुसऱ्या प्लँटला हलवणं म्हणजे काय असतं, तेही इथे सांगायला नको. 2024 मध्ये सांगितलं, 2026 ला येईल. आणि जानेवारी 2026 मध्ये कंपनीने मोठी फेररचना करताना जे काही खेळ रद्द केले, त्यात हाही रद्द केला.

त्या बातमीच्या दिवशी तो मुलगा आला. सेकंड शिफ्ट नव्हती. चहा झाला. म्हणाला, "आता पुण्याचाही दिसणार नाही आणि माँट्रियलचाही. मी अख्ख्या खेळाचा निकाल दोन मिनिटांवर दिला, सर, आणि आता तपासायला नगच नाही." मग त्याला सज्जाचा प्रसंग आठवला. इतकी वर्षं तो स्वतःला राजपुत्राच्या जागी धरत आला होता, सगळं आठवणारा आणि समोर ओळख नसलेली फराह. "पण तिची काय चूक?" तो म्हणाला. "तिच्या दृष्टीने कुणीतरी अनोळखी माणूस रात्री सज्जात चढून आलाय आणि म्हणतोय, तू अशी नव्हतीस."

तो शेरा काढला ते बरोबर की चूक, हे त्याने अजून विचारायचं सोडलेलं नाही. शनिवारी सुट्टी असली की येतो, आणि आम्ही पुन्हा तिथून सुरू करतो. आज तो शेवटच्या रांगेत बसलाय, नाव सांगणार नाही. चला, माइक फिरवा, प्रश्न घेऊ.