मुधोळचा शिकारी कुत्रा : खडकाळ माळ, इजा आणि राखणदाराची विद्या

प्रास्ताविक

दख्खनच्या संस्थानी इतिहासात शिकारीला मोठे स्थान आहे. कोणी काय टिपले याची वर्णने मिळतात, पेंढा भरलेले प्राणी आजही राजवाड्यांत उभे असलेले दिसतात. मात्र ज्याच्या पायांवर ही शिकार चालत असे, त्या कुत्र्याच्या जखमा आणि त्या बांधणारा राखणदार यांची दखल फारशी घेतली गेलेली नाही. खडतर भूमीवर शिकारी कुत्र्याला इजेपासून कसे वाचवले जाई, या प्रश्नाचा विचार आपल्याच परिसरातील मुधोळ जातीच्या संदर्भात प्रस्तुत लेखात केला आहे.

मुधोळ आणि त्याचा कुत्रा

घटप्रभेच्या काठी वसलेले मुधोळ हे आज बागलकोट जिल्ह्यात असले, तरी 1948 पर्यंत ते घोरपडे घराण्याचे मराठा संस्थान होते. मालोजीराव घोरपडे यांनी या जातीची जोडी इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज यास भेट दिली आणि गावाचे नाव कुत्र्याला चिकटले. मराठी मुलखात त्याच जातकुळीला ‘कारवानी’ म्हणतात, कन्नड माणूस ‘बेटे नाय’, म्हणजे शिकारीचा कुत्रा, म्हणतो. ‘कारवानी’ या शब्दात फारसी ‘कारवान’ दडलेला आहे. व्यापारी तांड्यांबरोबर पश्चिम आशियातून या कुत्र्याचे पूर्वज आले, अशी परंपरा आहे. ‘ताज़ी’ हा उर्दू-फारसी शब्दही असाच बोलका आहे. मुळात ‘अरबी’ असा अर्थ असणारा हा शब्द घोड्यालाही लागला आणि शिकारी कुत्र्यालाही.

भूमी आणि शरीर

हा कुत्रा वासापेक्षा नजरेवर शिकार करतो. लांब पाय, खोल छाती, आखूड केस, पातळ कातडी आणि अंगावर चरबी नाममात्र, अशी त्याची घडण असते. वेग देणारी हीच घडण त्याला नाजूकही करते. बाभळीचा काटा किंवा तारेचे टोक लागले, तरी कातडी लांबवर फाटते. बागलकोटकडील खडकाळ टेकड्यांवर पंजाच्या गाद्या सोलतात, नखे उपटतात. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडलेल्या भेगांत धावता पाय अडकला, तर बोट निखळते किंवा हाड मोडते. पावसाळ्यानंतर गवताची कुसळे बोटांच्या बेचक्यांत आणि कानांत शिरतात. रानडुकराच्या सुळ्याची जखम बाहेरून लहान दिसते, पण आत खोल गेलेली असते. उष्माघात तर वरून दिसतही नाही.

ग्रंथांतील काळजी

इ. स. पूर्व चौथ्या शतकातील ग्रीक लेखक झेनोफन याने आपल्या शिकारविषयक ग्रंथात या प्रश्नाचा बारकाईने विचार केला आहे. ससा मिळो वा न मिळो, कुत्र्यांना खडबडीत जागी न्यावे, त्याने त्यांचे पाय पक्के होतात, असे तो सांगतो. उन्हाळ्यात दुपारपर्यंतच शिकार करावी, बर्फ गोठले असता कुत्रे बाहेर काढू नयेत, गळपट्टा मऊ व रुंद असावा, हेही त्याने नोंदवले आहे. फ्रान्समध्ये गास्तों फेबुस याने 1387 मध्ये लिहावयास घेतलेल्या शिकारग्रंथाच्या एका सचित्र प्रतीत कुत्र्यांचे पाय तपासणारे, धुणारे सेवक दिसतात.

आपल्याकडे अबुल फज़लच्या ‘आईन-ए-अकबरी’त शिकारी चित्त्यांची व्यवस्था सविस्तर आली आहे. कुत्र्यांच्या वाट्याला मात्र थोड्याच ओळी आल्या. काबूल, विशेषतः हज़ारा प्रदेशातील कुत्रे उत्तम, त्यांना नावे देतात व सजवतात, एवढे कळते. त्यांचे पाय कोण तपासत असे, ते कळत नाही.

याच संदर्भात एक मुद्दा लक्षात घेण्याजोगा आहे. कुरआनच्या सूरह माइदामध्ये (आयत 4) शिकवलेल्या शिकारी जनावरांचा उल्लेख आहे. ‘शिकवलेला’ कोणास म्हणावे, यावर फिकहच्या ग्रंथांत चर्चा झाली आहे. सोडल्यावर जावे, रोखल्यावर थांबावे, शिकार स्वतः खाऊ नये, अशा अटी तेथे येतात. तेथील प्रश्न शिकार हलाल ठरण्याचा आहे, कुत्र्याच्या इजेचा नव्हे. तरीही व्यवहारात हाकेसरशी थांबणारा कुत्रा कड्याच्या टोकावरून किंवा डुकराच्या तोंडून वाचतो, हे उघड आहे.

या सर्वांवरून असे म्हणता येते की, शिकारी कुत्र्याचे संरक्षण हे प्रथम माणसाच्या संयमाचे काम होते. जमीन कोणती, वेळ कोणती आणि दोरी कधी सोडायची नाही, हे ठरवणारा हात महत्त्वाचा होता. चिलखत, झूल, खिळ्यांचे पट्टे ही साधने त्यानंतरची.

आजचा संदर्भ

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर या कुत्र्याचा शिकारीचा व्यवसाय संपला. आता तसे करणे गुन्हा आहे. परंतु कुत्रा आणि माळ दोन्ही कायम आहेत. 2005 मध्ये मुधोळ कुत्र्यावर टपाल तिकीट निघाले, तिम्मापूर येथे श्वान संशोधन केंद्र उभे राहिले आणि 2016 मध्ये काही कुत्रे लष्कराच्या मेरठ येथील केंद्रात प्रशिक्षणासाठी गेले. शेतराखणीला असो वा सुरक्षादलात, त्याची कातडी तेवढीच पातळ आहे. परतल्यावर चारही पंजे, बोटांची बेचकी आणि कान तपासणे, जखम स्वच्छ पाण्याने धुणे, सुळ्याची किंवा चाव्याची जखम घरी न शिवता पशुवैद्याकडे नेणे आणि रेबीजची लस वेळेवर देणे, ही काळजी आजही अटळ आहे.

समारोप

मुधोळ-लोकापूर भागातील ज्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या ही जात सांभाळली, त्यांच्याकडील ज्ञान बहुतांशी मौखिक आहे. राजाने दिलेली भेट इतिहासात नोंदली गेली. ती जोडी वाढवणाऱ्या हातांची नावे सहसा कोणी सांगत नाही. हुबळी-धारवाडच्या महाविद्यालयांतील इतिहास, कन्नड, उर्दू व मराठी विभागांनी विद्यार्थ्यांना तेथे पाठवून हे शब्द, हे उपचार टिपून घ्यावेत. त्या भागातील वृद्ध राखणदार हयात आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.