गाजर गवताची जन्मपत्रिका

मृगाच्या दोन-चार सरी पडल्या की परसात, मोरीच्या पाण्याच्या वाटेवर, कातरलेल्या पानांची एक चकती जमिनीला चिकटून पसरू लागते. आज तिला शाळकरी पोरही गाजर गवत म्हणून ओळखते. परंतु सत्तर वर्षांपूर्वी पुण्यात जिच्या अंगणात ती प्रथम उगवली, त्या गृहिणीला ती शेवंतीची वाटली असेल, शेजारणीला दवण्याची. कौतुकाने कुणी तिला तांब्याभर पाणीही घातले असेल. फुलावाचून रोपाचे कूळ सांगणे जाणत्यालाही अवघड. पुढे मधून दांडा उभा राहतो, फांद्या फुटतात आणि ज्वारीच्या दाण्याएवढी पांढरी फुले झुबक्यांनी येतात. भिंगाखाली धरले तर सूर्यफुलाचेच हे धाकटे भावंड, कडेला पाच इवल्या पाकळ्या. ओळख पटते, पण तोवर बी धरू लागलेले असते, आणि एकेका झाडाचे बी हजारांनी मोजायचे!

पुण्यातील उकिरड्यांवर हे तण प्राध्यापक परांजपे यांना १९५१ साली दिसले, असे पुढील लेखनात नमूद आहे. शास्त्रीय नोंद झाली ती १९५६ मध्ये. भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे आर. एस. राव यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ते भारतास नवे म्हणून जाहीर केले. नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस, लिनियसने १७५३ साली ठेवलेले. माहेर मेक्सिकोच्या आखाताभोवतीचा मुलूख.

लोक मात्र शास्त्रज्ञांच्या बारशाची वाट पाहत नाहीत. त्यांनी त्याला 'काँग्रेस गवत' म्हटले. कुणी म्हणतात, पांढरी फुले गांधी टोपीसारखी दिसतात म्हणून. कुणी म्हणतात, ते काँग्रेसच्या राज्यात आले म्हणून. जोडीला कथाही आली : अमेरिकेने पी. एल. ४८० खाली जो गहू दिला, त्यातून हे बी आले. रेशनच्या रांगेत उभे राहून परक्याचे धान्य पिशवीत घेतलेल्या पिढीला ही कथा मनोमन पटली. तिच्यातला सल खराच होता, पण तारखा जुळत नाहीत. तो कायदा १९५४ चा आणि भारताशी करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. १९५१ च्या उकिरड्यावरील रोपाला १९५६ च्या कराराचा गहू कसा चिकटवावा? गव्हालाच दोषी धरायचे तर १९५१ सालीच अमेरिकेने धान्यासाठी एकोणीस कोटी डॉलरचे कर्ज दिले होते, तिकडे बोट दाखवता येईल. करारानंतरच्या गव्हाने बियांची भर घातली असेल, हे मी नाकारीत नाही. पहिले आगमन मात्र त्याच्या माथी मारता येत नाही.

आणि याहून मोठी अडचण पुढेच आहे. कलकत्त्याजवळच्या शिवपूर बागेतील वनस्पतींची जी यादी रॉक्सबर्गच्या नावे १८१४ साली छापली गेली, तिच्यात पार्थेनियमचे नाव आहे. म्हणजे पेशवाई अजून बुडायची होती, तेव्हाच हा पाहुणा एकदा येऊन गेला! बागेतून तो रानोमाळ झाला नाही, एवढेच. एकाच वनस्पतीला देशात अनेकदा येता येते, हे आपण विसरतो आणि एकच जहाज शोधत बसतो.

वाद कागदावरचा, खाज मात्र अंगावरची. या झाडातील पार्थेनिन नावाच्या द्रव्याने शेतमजुरांच्या पापण्या, मान, कोपराची खळगी यांवर पुरळ उठू लागले, कित्येकांची कातडी कायमची जाड झाली. १९८४ साली बंगळूरकडे मेक्सिकोतला एक भुंगेरा मुद्दाम सोडण्यात आला. तो ही पाने अधाशीपणे खातो. पण पावसाळा सरला की तो मातीत दडून झोपतो, आणि गवताला ओल मिळाली की ऋतूची पर्वा नसते. परसातल्या माणसाला म्हणून अजूनही माती ओली असताना, फूल येण्यापूर्वी, हाताला फडके गुंडाळून ते मुळासकट उपटावे लागते.