होकाराची किंमत

माणसांवर केलेल्या अन्याय्य वैद्यकीय प्रयोगांचे चित्रपट पाहून आपण बाहेर पडतो, तेव्हा बहुधा एका क्रूर डॉक्टरची आकृती डोळ्यांपुढे असते. आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. शाळा लवकर सुटली, पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर झाले. तेथून पाहता आम्हांस असे दिसते की, अशा प्रयोगाला क्रूर डॉक्टर लागतोच असे नाही. ‘नाही’ म्हणण्याची सोय नसलेला माणूस मिळाला, की काम भागते.

आधी आपल्या मुंबईचे उदाहरण घेऊ. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. ओदेसा शहरी जन्मलेल्या वाल्देमार हाफकिन ह्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात राहून प्लेगची लस सिद्ध केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथे सुमारे दीडशे कैदी पुढे आले व त्यांना लस टोचली. उरलेल्यांना टोचली नाही. न टोचलेल्यांत आजारी आणि मृत अधिक निघाले. लस उपयुक्त ठरली. 1899 मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात प्लेगची प्रयोगशाळा आली. 1925 पासून ती हाफकिन ह्यांच्या नावाने ओळखली जाते.

स्वतःच्या देहावर आधी प्रयोग करणाऱ्या पुरुषास आम्ही नावे ठेवीत नाही. त्या लसीने पुढे असंख्य जीव वाचले. पण कोठडीत प्लेग आणि दाराला सरकारी कुलूप, अशा स्थितीत वर झालेला हात कितपत मोकळा होता, हे विचारलेच पाहिजे.

त्याच वर्षी पुण्यात गोरे सोजीर रोगी शोधण्यासाठी घराघरांत शिरत होते. त्यातून उसळलेला संताप आणि चापेकर बंधूंनी केलेला रँडचा वध पटवर्धन दांपत्याच्या ‘22 जून 1897’ ह्या 1979 च्या मराठी चित्रपटात आला आहे. पुण्याची सक्ती डोळ्यांना दिसते, कारण तिच्या पायांत बूट आहेत. भायखळ्याची सक्ती दिसत नाही, कारण तेथे कैदी आपण होऊन रांगेत उभा आहे.

ही न दिसणारी सक्ती ‘मिस एव्हर्स बॉइज’ ह्या 1997 च्या अमेरिकी चित्रपटाने दाखविली. त्यामागची हकीकत खरी आहे. अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे 1932 पासून सरकारी आरोग्य खात्याने सुमारे 600 काळ्या पुरुषांची पाहणी चालविली. त्यांतील 399 जणांना उपदंश होता. बहुतेक अर्धेलीने शेती करणारे गरीब लोक. रोगाचे नाव न सांगता ‘रक्त बिघडले आहे’ एवढेच त्यांना सांगितले. मोबदला काय? तपासणीच्या दिवशी जेवण, मोटारीतून ने-आण आणि मेल्यावर पुरण्याचा खर्च. पुढे पेनिसिलिन ह्या रोगावर रामबाण ठरले, तरी ते त्यांना मुद्दाम दिले नाही. चित्रपटातील परिचारिका दुष्ट नाही, मायाळू आहे. तिच्या मायेमुळेच माणसे येत राहतात. खरी शोकांतिका ती हीच.

1947 मध्ये न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने नाझी डॉक्टरांना शिक्षा देताना स्वेच्छेची संमती हे पहिले तत्त्व सांगितले. खटला अमेरिकी न्यायाधीशांपुढेच चालला होता. पण टस्कीगीचा प्रयोग त्यानंतर आणखी 25 वर्षे, 1972 मध्ये वृत्तपत्रांनी वाचा फोडीपर्यंत, चालू राहिला. राष्ट्राध्यक्षांची जाहीर क्षमायाचना 1997 मध्ये झाली. तोपर्यंत फार थोडे जिवंत होते.

आता घराकडे येऊ. नवापूर-बोईसरच्या आपल्या ह्या पट्ट्यात औषधांची मूळ द्रव्ये तयार होतात. आपलीच मुले ती तयार करतात. काही वर्षांपूर्वी काम सुटलेला एक कंत्राटी पोरगा आमच्याकडे एक कागद घेऊन आला. पैशासाठी औषधाच्या चाचणीला तो आपले निरोगी शरीर देऊन आला होता. कागद इंग्रजीत, खाली सही त्याची. “वाचून घेतलेस का?” आम्ही विचारले. तो म्हणाला, “काका, पैसे किती ते विचारलं. बाकीचं विचारलं असतं, तर दुसऱ्याला घेतलं असतं.” कामावर घेताना कोऱ्या कागदांवर घेतलेल्या सह्या आम्ही खूप पाहिल्या आहेत. ही सही त्याच जातीची.

2019 च्या नियमांनी एक चांगली गोष्ट केली. नव्या औषधी द्रव्याची चाचणी दुर्बल स्थितीतील माणसांवर करताना त्यांच्या संमतीचे चित्रण आणि ध्वनिमुद्रण आवश्यक ठरविले. म्हणजे आता कॅमेरा संमतीच्या खोलीत आला आहे. त्याचे आम्ही स्वागत करतो. परंतु कॅमेरा मान हललेली टिपतो. घरी चूल पेटली होती की नाही, ते टिपत नाही. ते पाहणे आपल्याकडे आहे. शेजारचे पोर असा कागद घेऊन निघाले, तर त्याच्याबरोबर जा, कागद त्याला मराठीत समजावून द्या आणि त्याने ‘नाही’ म्हटले, तर त्या दिवशी त्याच्या घरी दोन भाकरी जातील, एवढे पाहा. त्यानंतर तो जे म्हणेल, तो त्याचा स्वतःचा होकार.